मुकी रुग्णवाहिका

मेकॅनिकलच्या वर्गाला सर रिव्हर्स इंजिनिअरिंग शिकवत होते. "घरातली बंद पडलेली वस्तू आणा, उघडा, समजून घ्या. मग पुढच्या तासाला तीच सुधारून दाखवा. मार्क सुधारणेला आहेत."

त्याच वर्गात शिकणाऱ्या ताईने धाकट्या भावाची खेळण्यातली रुग्णवाहिका आणली. तिचा भोंगा कधीचा मुका झाला होता. स्क्रू काढून पाहिलं, तर आत वायर कापलेली आणि दोन्ही टोकांना नीटनेटकी चिकटपट्टी.

"जोडायच्या आधी विचार कर, हे असं का आहे," सर म्हणाले. पण ताईला कुठला धीर? तिने वायर जोडली. भोंगा असा काही कोकलला की शेजारच्या वर्गातले लोक दारात आले.

संध्याकाळी धाकट्याने त्या भोंग्यासकट घर डोक्यावर घेतलं. आईने कपाळाला हात लावला.

"ती वायर मीच कापली होती गं बाई. आता तूच निस्तर. आणि त्याला रडवायचं नाही, सांगून ठेवते."

पुढच्या तासाला सरांनी विचारलं, "मग, काय सुधारणा केलीस?"



"भोंगा बंद करायचं एक बटण बसवलंय, सर. कुठे आहे, ते फक्त आईला माहीत आहे."