सरदारीणबाईंचा तिसरा प्रवेश

"पहिल्या दोन प्रवेशांत सरदारीण ईश्वरी करेल," निनाद म्हणाला. "तिसरा तुमचा, अनुपमाताई."

अनुपमाच्या हातात नऊवारीची पिशवी होती. आखातातल्या अल रीम आयलंडवरच्या एका इमारतीच्या पार्टी हॉलमध्ये मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम होती. नवरा गेल्यावर ती आज पहिल्यांदा माणसांत आली होती. तिन्ही प्रवेश तिला पाठ होते. भूमिका मुळात तिचीच होती.

"बाई एकच आहे ना?" तिने विचारलं. "सातशे वर्षांपूर्वीची का असेना, मध्येच बदलेल कशी?"

"अगं, पहिल्यात लग्न, दुसऱ्यात ओटी," ईश्वरी म्हणाली. "खरा नारळ, खरं कुंकू. समोर बायका बसलेल्या असतात. कुणाच्या मनात उगाच काही यायला नको."

"आणि तिसऱ्यात?"

"सरदार लढाईत पडतो. हिच्या बांगड्या फोडतात." ईश्वरीने आवाज खाली आणला. "सासूबाईंनी पुण्याहून फोनवर बजावलंय, नाटकात झालं तरी सवाष्णीने तसलं करायचं नाही. दुसरी कुणी तयार होईना. म्हटलं, तुला आता काय फरक पडतोय?"

बोलता बोलता तिचा हात लोखंडी खुर्चीवर आपटला. एक हिरवी बांगडी तडकून खाली पडली.

"फुटली," अनुपमा म्हणाली.

"वाढवली म्हण!" दोघीतिघी एकदम ओरडल्या.

ईश्वरीने तुकडे वेचून कपाळाला लावले. "वाढवली, वाढवली," ती पुटपुटली. मग तिने हात पुढे केला. "पिशवी दे ना. तुझी जांभळी मला शोभेल. तुला पांढरं लुगडं लागेल, ते मंडळाकडे आहे."

अनुपमाने पिशवी दिली.

"यल्ला, चला चला, हॉल सहापर्यंतच आहे," निनादने टाळी वाजवली.

ईश्वरीने बांगड्यांचा डबा टेबलावरून अनुपमाकडे सरकवला. हातात दिला नाही. अनुपमाने बांगड्या भरल्या. हिरव्या बांगड्यांचे हात तिने क्षणभर समोर धरून पाहिले. मग ती वाड्याच्या खांबापाशी गेली आणि दोन्ही हात खांबावर आपटले. खांब थर्माकोलचा होता. त्याला नुसता खड्डा पडला. कुणीतरी हसलं.

निनादने लोखंडी खुर्ची पुढे ओढली. "हिच्यावर."

या वेळी काच फुटली. मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली. अनुपमा त्या रेघेकडे बघत उभी राहिली.

"नाही हो ताई, खरं वाटत नाहीये," निनाद म्हणाला. "नवरा गेलाय तिचा. तुम्ही तर जरा आठवलंत तरी जमेल. ईश्वरी, आणखी दे त्यांना."

डबा पुन्हा टेबलावरून सरकत आला. अनुपमाने बांगड्या भरल्या.

"हं, फोडा," निनाद म्हणाला.

या वेळी कुणीच ओरडलं नाही.