शेवटपर्यंत ऐकणारा

घरांचा दलाल खुर्चीत टेकला आणि स्टुलावरच्या मुलीनं पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडलं.

"फक्त दाढी. झटपट," दलाल सलूनवाल्याला म्हणाला. "घर दाखवायचंय, पार्टी दारात उभी आहे." मग आरशातून त्याची नजर मुलीकडे गेली. "ही कोण?"

"बेकरीवाल्याची धाकटी. आज शाळेचा वाचनदिन ना. बाजारात दर दुकानात एक मूल. त्यानं गोष्ट वाचायची, गिऱ्हाइकानं ऐकायची. शेवटपर्यंत ऐकली की आपण ही वाजवायची." सलूनवाल्यानं आरशाखालची पितळी घंटा दाखवली. "ज्या मुलासाठी घंटा वाजली, ते संध्याकाळी चौकात सगळ्यांसमोर वाचणार. ऐकणारा मध्येच उठला, तर नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून."

"आधीचे दोघे उठले," मुलगी म्हणाली. ब्रेड संपला म्हणून सांगावं, तसं तिनं ते सांगितलं.

समोरच्या टेलरकडे घंटा वाजली, टाळ्या पडल्या. टेलर दारातूनच ओरडला, "काय हो, तुमची घंटा मुकी आहे की काय?"

सलूनवाल्यानं ब्रश फेसात जरा जास्तच घुसळला. अख्ख्या बाजारात आता त्याचीच घंटा वाजायची राहिली होती, आणि शाळेच्या बाई मुलांना गोळा करत कोपऱ्यापर्यंत आल्या होत्या.

मुलगी वाचू लागली. एक म्हातारी, तिचं गाढव आणि दरीवरचा लाकडी पूल. गाढव काही केल्या पुलावर पाय ठेवीना. मुलीचं बोट ओळीखालून सरकत होतं. एखादा शब्द अडला की ती थांबायची, तोंडातल्या तोंडात चघळायची, मग खणखणीत म्हणायची. चित्र आलं की पुस्तक फिरवून धरायची, आणि समोरच्याचं नीट बघून झाल्याखेरीज पान उलटायची नाही. वर्गात तिला गोगलगाय म्हणत. तिला गोगलगाय आवडायची.

दलालाचा फोन वाजला.

"निघालो, निघालो! रस्त्यातच आहे," तो फेसाळल्या तोंडानं म्हणाला.

मुलगी थांबली होती. "झालं बोलून? मग ऐका. म्हातारी म्हणाली, अरे गाढवा, किती वेळ लावशील?"

दलालानं आरशात स्वतःकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला.

सलूनवाल्याचा वस्तरा कधी नव्हे इतका सावकाश चालला होता. दाढी झाली, तसा त्यानं पुन्हा ब्रश उचलला.

"आता काय? दाढी करतोयस की शेत नांगरतोयस?"

"उलटा हात मारतो. गुळगुळीत व्हायला हवं, पार्टी बघणार ना तुमचं तोंड." मग मुलीकडे वाकून तो हळूच म्हणाला, "बाळ, मधली दोन पानं सोड की. कुणाला कळणार आहे?"

"मला," मुलगी म्हणाली.

"मग जरा भरभर तरी वाच."

"भरभर वाचलं की मलाच कळत नाही, काका. मग यांना काय कळणार?"

दलालाला एवढं हसू आलं की सलूनवाल्याला वस्तरा वर उचलून धरावा लागला.

गोष्ट पुढे सरकली. म्हातारीनं गाढवाच्या पाठीवरचं ओझं स्वतःच्या पाठीवर घेतलं. पुलावर पहिलं पाऊल टाकलं. फळी करकरली. मुलीनं पुस्तक फिरवलं. म्हातारी पुलाच्या मधोमध, खाली धुकं, आणि काठावर गाढव, कान ताठ केलेलं.

दलालानं चित्र पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं.

पण दाढी उलटीही झाली. तुरटी फिरवून झाली, गार पाण्याचा हात झाला, टॉवेल झाला. सलूनवाल्याजवळ करण्यासारखं काही उरलं नाही. फोन पुन्हा थरथरला आणि दलाल उठला.

"उठलात?" मुलीनं विचारलं.

"काम आहे गं."

"बरं." तिनं पानं मागे उलटायला घेतली.

"हे काय करतेस?"

"पुढच्या गिऱ्हाइकाला पहिल्यापासून."

दलालाचा हात दारावर होता. "आणि ती म्हातारी?"

"ती घरी गेली परत," मुलगी म्हणाली. "तिला आता सगळं ओझं नव्यानं बांधावं लागेल."

दलाल तसाच उभा राहिला. फोन थरथरतच होता. शेवटी त्यानं तो कानाला लावला. "हं, ऐका. किल्ली शेजारच्या आजींकडे आहे. घर उघडून बघायला लागा. सगळ्या खोल्या बघा, नळ सोडून बघा, गच्चीवर जाऊन या. अहो, घर घ्यायचंय ना? मग घाई कसली?"

फोन बंद करून तो पुन्हा खुर्चीत येऊन बसला.

"केस काप," तो म्हणाला.

सलूनवाल्यानं त्याच्या डोक्याकडे पाहिलं. कानांमागे बोटभर झालर; बाकी सगळं मोकळं मैदान, वरचा दिवा त्यात लख्ख दिसत होता. सलूनवाल्यानं पांढरं कापड झटकलं, दलालाच्या गळ्याभोवती नीट बांधलं आणि कात्री उचलली.

"किती कापू?"

"ते तिला विचार."

मुलीनं उरलेली पानं चिमटीत धरून पाहिली. "बरेच," ती म्हणाली, आणि पुलाचं पान शोधून तिनं ओळीखाली बोट ठेवलं.

शाळेच्या बाई दारात आल्या. सलूनवाल्यानं नुसती मान हलवून त्यांना तिथंच थांबवलं, आणि टकलापासून वीतभर वर, हवेतच, कचकच करत कात्री चालवत राहिला.