अकरा वेळा नॉर्मल

“वकिलाचं पत्र म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, सर,” असं म्हणून कुसुमताईंनी कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकली.

ही तिसरी वेळ. भांड्यांच्या कारखान्यातल्या आरोग्य खोलीत त्या एकोणीस वर्षं नर्स होत्या. कामगारांच्या तपासणीच्या फायली त्यांच्या ताब्यात. कोर्टाचा हुकूम नाहीतर खुद्द कामगाराची लेखी संमती, यांतलं एक असल्याशिवाय फाईल कोणालाही दाखवायची नाही. मालकालाही नाही. हा नियम कपाटावरच चिकटवलेला होता. एचआरचे संजीव सर तो दर वेळी उभ्याउभ्या वाचत आणि परत जात.

फाईल हवी होती टेकचंदची. त्याने कामगार न्यायालयात दावा लावला होता. ठोकाईच्या शेडमध्ये वीस वर्षं काढली, कान गेले, भरपाई द्या. कंपनीच्या वकिलाला त्याच्या कानाच्या तपासण्या पाहायच्या होत्या.

“बाई लय तत्त्वाची आहे बा,” असं कॅन्टीनमध्ये लोक म्हणत.

कुसुमताई ऐकून घेत. नियमामुळे फाईल बंद राहत होती. त्यांना तेवढंच पाहिजे होतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत टेकचंद स्वतःच आला. मागोमाग संजीव सर. टेकचंदच्या हातात संमतीचा कागद होता. सही, तारीख, साक्षीदार, सगळं बरोबर. दोन्ही बाजूंना प्रत द्यावी, असं त्याच्याच वकिलाने लिहून दिलं होतं.

“घ्या ताई! आता तं देता न?” टेकचंद ओरडूनच बोलायचा. “अकरा वर्स तुमीच तपासले माये कान. दिसू द्या साऱ्याईले!”

कुसुमताईंनी किल्ली काढली. प्रत देण्याआधी कामगाराला मजकूर दाखवायचा, हाही नियमच. त्यांनी फाईल उघडून त्याच्याकडे फिरवली.

२०१३. दोन्ही कान नॉर्मल.
२०१४. दोन्ही कान नॉर्मल.
२०१५. दोन्ही कान नॉर्मल.
२०१६. वरीलप्रमाणे.
वरीलप्रमाणे.
वरीलप्रमाणे.

आणि असंच २०२३ पर्यंत.

टेकचंदची नजर शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि पुन्हा पहिलीवर आली. संजीव सर खुर्चीत जरा सैल झाले.

“ताई,” टेकचंद म्हणाला. आपण कानात बोलतोय असं त्याला वाटत होतं. व्हरांड्यातल्यांनाही ऐकू गेलं. “मी तुमचा अंगठा पायत होतो न. तुमी बटन दाबलं का मी बोट वर करो. काम जाईन म्हनून. तुमाले फसवलं म्या.”

मशीनची शिट्टी हेडफोनमध्ये वाजली की कामगाराने बोट वर करायचं, अशी ती तपासणी. संजीव सरांनी डायरी उघडली. दावेदाराने फसवणूक कबूल केली, असं लिहायला घेतलं.

मशीनबरोबर हात झाकायला पुठ्ठ्याचा आडोसा आला होता. तो कुसुमताईंनी २०१३ सालीच फेकून दिला होता. त्याच्या आदल्या वर्षी ठोकाईतल्याच जागेश्वर नावाच्या कामगारापुढे त्यांनी खरं लिहिलं होतं, ‘कमी’. त्याच शनिवारी जागेश्वरला कामावरून काढून गेटवरूनच परत पाठवलं.

“तुमी नाही फसवलं, टेकचंदभाऊ,” त्या हळूच म्हणाल्या.

“आं?”

“मले मालूम होतं.”

“काय म्हनता?”

पंखा घरघरत होता. सर लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही. हळू बोललं तर टेकचंदला कळणार नव्हतं. मोठ्याने बोललं तर सगळ्या कारखान्याला कळणार होतं. मधला आवाज कुसुमताईंकडे नव्हता. निवृत्तीला चौदा महिने होते.

“मले मालूम होतं!” त्या उभ्या राहून ओरडल्या. “तुमाले ऐकू येत नवतं! तुमी माया अंगठ्याकडे पायत होते, अन् मी तुमाले पायत होती! मीच खोटं लिवलं! अकराही वर्स!”

व्हरांड्यात डबे खात बसलेल्यांचे हात थांबले.

टेकचंद स्टुलावर बसला. त्याला ऐकू आलं होतं.

संजीव सरांनी पेन खाली ठेवलं. “हे लिहून द्याल?”

“हो.”

नव्या पानावर नोंद बारा. वरील अकराही नोंदी खोट्या आहेत. कामगार माझा अंगठा पाहून बोट वर करीत होता. मला पहिल्या वर्षापासून माहीत होते. सही, तारीख, शिक्का.

त्यांनी ते पान फायलीला लावलं आणि दोन प्रती काढल्या. टेकचंदने आपली प्रत घडी घालून बनियनच्या आत ठेवली. दारात तो थांबला.

“तुमचं कसं होईन आता, ताई?”

कुसुमताईंनी हातानेच त्याला जा म्हटलं.

संजीव सर मात्र उठले नाहीत. मेमो आत्ताच देणार, असं समजून कुसुमताई उभ्याच राहिल्या. सरांनी दार लोटलं. डायरीतलं लिहिलेलं पान फाडलं आणि खिशात टाकलं. मग खुर्ची ओढत ओढत टेबलाच्या अगदी जवळ आणली. ऑफिसात बढती मिळण्याआधी त्यांनीही नऊ वर्षं त्याच शेडमध्ये काढली होती.

“ताई,” ते म्हणाले, आणि या खोलीत पहिल्यांदाच घरच्या बोलीत म्हणाले, “माया फायलीत काय लिवलं हाय? जरा मोठ्यानं सांगजा.”