गडनाथाचं गाऱ्हाणं

"व्हय म्हाराजा." बाप भिकाजी देवाला गाऱ्हाणं घाली तेव्हा लहानगा दिगू असा कोवळ्या आवाजात साथ द्यायचा.

मोठेपणी त्याने ऑनलाइन खेळातला देव गडनाथ घडवला, त्याला स्वतःचा आवाज दिला, आणि तापाने गेला. तेव्हापासून भिकाजी रोज खेळात शिरून गडनाथाला गाऱ्हाणं घाली. उत्तराला तोच आवाज येई.

आज पडद्यावर सूचना आली. जुने देव सांजेला मिटणार, दुसरा निवडा.

"आबानु, निवडा. नायतर खेळातलो तुमचो गडीय जातलो," सून म्हणाली.

"देव काय सदरो आसा, बदलूक?"

दिवस कलला. गडनाथ विरू लागला. भिकाजीने हात जोडले, पण गाऱ्हाणं ओठांवर येईना.

"झिला, दिगू," आजवर नुसतं देवा म्हणत आलेला म्हातारा पुटपुटला, "माका देव नको होतो रे. तूच होयो होतस."