मुका रेडिओ

चांदूर बाजारच्या शेतात मोबाईलला रेंज नव्हती आणि खळ्यात लाल मिरची वाळत होती, म्हणून शुभमनं बापासाठी थेट उपग्रहावरून वाजणारा हातात मावणारा रेडिओ आणला.

"बाबा, आता पावसाचा अंदाज डायरेक्ट वरून येईन."

चार दिवसांनी दुपारी रेडिओ म्हणाला, "विदर्भात आकाश निरभ्र रा..." आणि परवासारखाच मुका झाला. उत्तमराव ओरडले, "अवं शुभमची माय, ताडपत्री आन!" मिरची झाकून होते न होते तोच सर कोसळली.

शुभम ओशाळला. "ढग दाटले का याचं सिग्नलच जाते, बाबा. बदलून आनतो."

उत्तमरावांनी रेडिओ धोतरानं पुसून छातीशी धरला.



"हात नोको लावू. सुरू असला का लबाड बोलते, बंद पडला का खरं सांगते."