पट्ट्याला आणखी एक भोक

"कडी कापली की परत जोडता येणार नाही," घड्याळजी म्हणाला. "एकदा मनगटावर चढलं की हे पुन्हा खिशात जायचं नाही. विचार करून सांगा."

"विचार झालाय," बाई म्हणाल्या.

टेबलावर उलगडलेल्या रुमालात त्यांच्या सासऱ्यांचं खिशातलं घड्याळ होतं. चांदीची डबी, पांढरी तबकडी, निळे काटे. कपाटात पडून पडून आतल्या तेलाचा डिंक झाला होता, पण यंत्र धड होतं. असली जुनी घड्याळं मनगटी करून देणं हाच घड्याळजीचा धंदा. वरची कडी कापायची, डबीला दोन्ही बाजूंनी पट्ट्यासाठी कान डागायचे, यंत्र साफ करून परत बसवायचं. ज्यांनी आजोबांना कधी पाहिलंही नाही अशी नातवंडं हौसेनं करून न्यायची. बाईंच्या चेहऱ्यावर हौस मात्र दिसत नव्हती.

"मिस्टरांना का?"

"त्यांच्या वडिलांचं आहे. कपाटात ठेवून काय करायचं? अंगावर वागवली की वस्तू माणसाची होते. मागे राहणाऱ्याला तेवढाच आधार."

त्यांनी पर्समधून एक दोरा काढला. मनगटाचं माप. घड्याळजीनं तो पट्टीला लावला आणि भुवया उंचावल्या.

"बरंच बारीक आहे. डबी ताटलीएवढी दिसेल."

"आजारपण," बाई म्हणाल्या.

घड्याळजीनं पुढे विचारलं नाही. त्याची बायकोही अशीच झिजत झिजत गेली होती.

घड्याळ नेल्यावर थोड्याच दिवसांत त्या परत आल्या. घड्याळ रुमालातच होतं.

"सैल होतंय. हात वर केला की कोपरापर्यंत घसरतं."

घड्याळजीनं पट्ट्याला एक भोक पाडून दिलं. पुढच्या महिन्यात आणखी एक पाडलं. मग पुन्हा एक.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर हल्ली खाली बघून बोलतात."

"जेवण?"

"दोन घास. तेही समोर बसणाऱ्याला बरं वाटावं म्हणून."

बाई स्वतःही खूप उतरल्या होत्या. डोक्याला घट्ट स्कार्फ, बाह्या पार बोटांपर्यंत ओढलेल्या. घड्याळजीला ते नवीन नव्हतं. बायकोच्या दुखण्यात त्याची स्वतःची पँटही कमरेवर टिकत नव्हती.

"ताई, दुखणं त्यांचं आणि अर्ध्या तुम्ही होताय. असं कसं चालेल?"

"वाटून घेता आलं असतं तर किती बरं झालं असतं," बाई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत राहिल्या.

मग हळूहळू त्या बसू लागल्या. भोक पाडायला मिनिटभर लागायचं, पण त्या चहा संपेपर्यंत थांबायच्या. प्रश्न त्याच विचारायच्या.

"काका, काकू गेल्यावर सुरुवातीचे दिवस कसे काढलेत?"

"वाईट. अंडी उकडायला ठेवायचो आणि विसरायचो. पाणी आटून जायचं. अंडीसुद्धा करपतात हे मला त्या वयात कळलं."

बाई हसल्या. हसता हसता खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबेना.

"आणि जड काय गेलं? सगळ्यात?"

घड्याळजीनं भिंग डोळ्यावरून काढलं. "दार. जन्मभर कडी वाजवायची सवय. आता खिशात हात घालून किल्ली शोधायची. आत कुणी नाही, हे रोज नव्यानं कळतं."

"मग सवय होते?"

"लोक म्हणतात, होते. मला नाही झाली."

बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटलं. जिच्यावर आभाळ कोसळायचंय तिला असं सांगतात का कुणी? पण बाईंनी मान हलवली, रस्ता विचारल्यावर खूण लक्षात ठेवावी तशी.

"खोटं नाही बोललात, बरं झालं."

शेवटच्या वेळी पट्ट्यावर भोकाला जागाच उरली नव्हती. घड्याळजीनं नवा, अगदी आखूड पट्टा कापला, कडा शिवल्या, जुना काढून तो चढवला. असला पट्टा त्यानं फक्त लहान मुलांसाठी केला होता.

बाईंना स्टुलावरून उठायला वेळ लागला. दाराशी त्या थांबल्या.

"काका, पुढेमागे कुणी आलंच तर बसवून घ्याल? चहा द्याल?"

बाई स्वतःबद्दलच बोलतायत हे घड्याळजीला समजलं. मानी माणसं असंच विचारतात.

"हे काय विचारणं झालं, ताई? केव्हाही या."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. एक महिना गेला, दुसरा गेला. म्हणजे ते गेले, घड्याळजीनं ओळखलं. त्या येतील तेव्हा काय बोलायचं हे तो काम करता करता जुळवत राही. या खेपेला खोटंच सांगायचं, सवय होते म्हणून, असंही त्यानं ठरवून टाकलं.

एका दुपारी दारात एक धिप्पाड माणूस उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. त्यानं मुठीतलं घड्याळ टेबलावर ठेवलं. घड्याळजीनं ते लगेच ओळखलं.

"बाई नाही आल्या?"

माणसानं नुसती मान हलवली.

"फार सोसलं हो बिचाऱ्यांनी," घड्याळजी हळूच म्हणाला. "गेले ते तुमचे भाऊ का?"

"मला भाऊ नाही." माणसानं आपला जाडजूड हात पुढे केला, घड्याळ उचलून मनगटावर ठेवलं. पट्ट्याची टोकं निम्म्यावरही पोचेनात. "मोठा पट्टा लावून द्या. हा माझ्या बायकोच्या मापाचा आहे."