श्रीनिवासरावांचा राजीनामा

बेल वाजली तेव्हा सुबोध सिंकमधली कागदाची राख पाण्यानं ढकलत होता.

"आले ते खरड गावचे सरदारजी," शैलजा म्हणाली. "अरे, निदान पत्र पूर्ण वाचून तरी घ्यायचंस!"

"पहिली ओळ पुरे झाली," तो बायकोवर खेकसला.

आठवड्यापूर्वी फोन आला होता. "मी इक्बालसिंग. वर्तमानपत्रात तुमच्या पुस्तकाबद्दल वाचलं. माझे आजोबा तुमच्या पणजोबांच्या हाताखाली फोरमन होते. त्यांनी साहेबांना एक चिठ्ठी लिहिली होती. ती मला हवीय."

पणजोबांच्या ट्रंकेत पत्र होतं, पण उर्दूत. शहरातल्या सेक्टर चौतीसमध्ये राहणाऱ्या उर्दूच्या मास्तरांनी ते वाचायला घेतलं: "अकरा जणांचे जीव कुणाच्या हुकमानं गेले, हे मला ठाऊक आहे." सुबोधनं पत्र त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं.

शिकाऊ म्हणून लागलेले पणजोबा श्रीनिवासराव पंधरा वर्षांत अख्ख्या पोलाद कारखान्याचे मॅनेजर झाले होते. सुबोध सहा वर्षं त्यांचं चरित्र लिहीत होता. पण १९२१ साली ओल्या साच्यात वितळलेलं पोलाद ओतलं गेलं, स्फोट झाला, अकरा कामगार गेले. दुसऱ्या दिवशी श्रीनिवासरावांनी राजीनामा दिला. का, ते घरात कुणी कधी बोललं नाही. बाहेरचे मात्र खुशाल त्यांनाच दोष देत राहिले. पुढच्या आठवड्यात पुस्तक छापायला जाणार होतं.

इक्बालसिंग ऐंशीच्या पुढचे. त्यांनी चहाला हातही लावला नाही.

"चिठ्ठी मिली जी?"

"नाही," सुबोध हिंदीत म्हणाला. "सगळी ट्रंक उपसली. असं पत्र आमच्या घरात कधी आलंच नाही."

"पक्का?"

"पक्का."

शैलजा उठून आत गेली. आता म्हातारा ओरडणार, कोर्टाच्या धमक्या देणार, असं सुबोधला वाटलं.

"मग संपलंच," इक्बालसिंग हळूच म्हणाले. "साचा ओला असताना पोलाद ओतायचा हुकूम माझ्या आजोबांचा होता. तसं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं होतं. आमच्या घरची चूल विझू नये म्हणून साहेबांनी ते कुणाला दाखवलं नाही, सगळं स्वतःवर घेतलं. ती चिठ्ठी पुस्तकात छापा, म्हणून हात जोडायला आलो होतो जी. आता नुसत्या माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?"